चार तुकड्यांची सुपारी

आमच्या भागात बँड म्हटलं की लाल कोट घालून नवऱ्या मुलापुढे चालणारी माणसं डोळ्यांसमोर येतात. त्यामुळे मी बँडमध्ये गाते हे आईने नातेवाइकांत सांगितलं तेव्हा एका मावशीने काळजीने विचारलं होतं, "म्हणजे हिला पण तो कोट घालावा लागतो?" मी तेव्हा भयंकर चिडले होते. आता वाटतं, कोट असता तर निदान आम्ही कोण हे लोकांना कळलं तरी असतं.

कारण आम्ही नक्की काय वाजवतो हे पंचवीस वर्षांत कोणालाच सांगता आलं नाही, आम्हालाही नाही. मी गिटार घेऊन गायचे. कॉलेजातल्या दोन मित्रांपैकी एक बेस वाजवायचा, दुसरा क्लॅरिनेट. आणि ड्रमवर होता अलिबागजवळच्या थळचा एक कोळी, आमच्याहून सात-आठ वर्षांनी मोठा, म्हणून तिघांचाही दादा. त्याच्या वडिलांची बेंजो पार्टी होती आणि हळदीला वाजवून वाजवून त्याचा हात तयार झालेला. रॉकचा ठोका चालू असताना तो मध्येच हळदीच्या तालात घुसायचा आणि आम्ही धडपडत त्याच्या मागे जायचो. पुढे लोक त्या धडपडीलाच आमची शैली म्हणू लागले. अलिबागच्या दुकानदाराने आमची पहिली कॅसेट आधी कोळीगीतांत ठेवली, मग भजनांत, आणि शेवटी कंटाळून काउंटरवर खोकल्याच्या गोळ्यांशेजारी. तिथे ती जरा खपली.

तालीम दादाच्या घरी, माळ्यावर, जाळ्यांच्या ढिगात व्हायची. गावाजवळच्या खतांच्या कारखान्याचा भोंगा एकदा रेकॉर्डिंगच्या मधोमध वाजला. मी कपाळाला हात लावला, पण दादा म्हणाला, "राहू दे गो, बरोबर तालात हाय." तो भोंगा अजून त्या गाण्यात आहे.

दादाचा एकच हट्ट होता. कार्यक्रम ठरला की त्याला हातात सुपारी लागायची. कार्यक्रम घेण्याला सगळेच ‘सुपारी घेणं’ म्हणतात, पण त्याला खरोखरची, टणक, अख्खी सुपारी हवी असायची. वडिलांची रीतच तशी, म्हणायचा. सुपारी घेतली की वाजवायचं, मग अंगात ताप असो. कार्यक्रम होईपर्यंत ती खिशात जपून ठेवायची. वाजवून झालं की स्टेजच्या मागे अडकित्त्याने तिचे चार तुकडे करायचे आणि चौघांनी खायचे. तुकडे खाल्ले की तो कार्यक्रम संपला. बेसवाला त्याची टिंगल करायचा, पण तोंड पुढे करायचा. सुपारी दादाच्या हातात नेऊन द्यायचं काम माझं होतं.

मग बेसवाला मुंबईला गेला, क्लॅरिनेटवाला पुण्याला. त्यांची लग्नं झाली, मुलं झाली. कार्यक्रम वर्षाला आठ-दहावरून दोन-तीनवर आले. मी नागावला राहिले आणि शाळेत संगीत शिकवू लागले. लग्न राहून गेलं. ते ठरवून राहिलं असं मी लोकांना सांगते. खरं म्हणजे दोन कार्यक्रमांच्या मध्ये मी फक्त पुढच्या कार्यक्रमाची वाट बघत असायचे. घरात दिवसचे दिवस माझ्याशी कोणी बोलत नाही आणि मला त्याची सवय झालेली नाही.

गेल्या हिवाळ्यात नागावच्याच एका वाडीत, पर्यटकांसाठी, आमच्या बँडच्या पंचविशीचा कार्यक्रम ठरला. वाडीच्या मालकाने मला मेसेज केला, मी तो चौघांच्या ग्रुपवर टाकला. तारीख, वेळ, खाली नाचणारी दोन चिन्हं. दोघांनी अंगठे दाखवले. दादाच्या नुसत्या दोन निळ्या खुणा आल्या. मी म्हटलं, झालं, वाचलंय त्याने. थळ माझ्या घरापासून कितीसं लांब? पण मला सुपारी आठवली नाही. खरं सांगायचं तर आठवली होती. म्हटलं, आता आपण काय लहान आहोत का?

त्या संध्याकाळी दादा आला नाही. फोन उचलला नाही. ड्रमचं स्टूल मी स्वतः पुसून ठेवलं होतं. शेवटी बेसवाल्याने लॅपटॉपवर तयार ठोके लावले आणि आम्ही वाजवलं. ठोके अगदी घड्याळासारखे पडत होते, कुठेही हळदीत घुसले नाहीत. लोक नाचले, त्यांनी टाळ्या वाजवल्या. ड्रमवाला कुठे आहे, हे एकानेही विचारलं नाही. कार्यक्रम संपल्यावर बेसवाला शेवटच्या बोटीसाठी मांडव्याला पळाला, क्लॅरिनेटवाला पुण्याच्या गाडीसाठी. मी वायरी गुंडाळत बसले आणि मला इतकं रडू आलं की दादाला मनातल्या मनात ठेवणीतल्या शिव्या दिल्या.

पाच महिने मी त्याला फोन केला नाही. तोही कमी नाही, त्यानेही केला नाही. पण शेवटी मीच हरले. नवा कार्यक्रम कुठेच ठरलेला नव्हता, तरी मी नागावच्या बाजारातून चांगली पाहून एक सुपारी घेतली आणि थळला गेले.

दादा ओटीवर जाळं विणत होता. "ये गो बाय," म्हणाला. रागाचा मागमूस नाही.

"ग्रुपवर टाकलं होतं ना मी," मी म्हटलं.

"ग्रुपवर काय, मयताचं पन टाकतात. कळवलंस गो तू. बोलावलंस कुठं?"

त्याने जाळ्याची एक गाठ मारली आणि म्हणाला, "व्हिडिओ बघितला मी. पोरीने दाखवला. झ्याक झाला. मी नव्हतो ते कोणाला कळलं पन न्हाय."

"मला कळलं," मी म्हटलं.

"व्हय. तुला कळलं असंल."

मी सुपारी पुढे केली. त्याने ती घेतली, तळहातावर फिरवून बघितली. माझा जीव भांड्यात पडला. आता खिशात ठेवेल आणि विचारेल, कुठे वाजवायचं.

त्याने घरातून अडकित्ता मागवला आणि तिथेच सुपारी कातरली. चार तुकडे, नेहमीसारखे. एक स्वतःच्या तोंडात टाकला, एक माझ्या हातावर ठेवला. मी तो खाल्ला. न खाऊन कसं चालेल? उरलेले दोन त्याने वर्तमानपत्राच्या कपट्यात बांधून माझ्याकडे दिले.

"त्या दोघांना दे. ग्रुपवर टाकू नको. हातात दे."

पुडी माझ्या गिटारच्या पेटीत आहे. दोघांचे फोन येतात, भेटू भेटू म्हणतात. मांडव्याहून बोटीत बसलं की तासाभरात मुंबई, पुण्याला एसटी आहेच. मी दर रविवारी जायचं ठरवते, साडी इस्त्री करून ठेवते आणि जात नाही. ते दोन तुकडे कोणी खाल्लेले नाहीत, तोवर आमचा कार्यक्रम चालू आहे.