काटा बत्तीसवर

माझा धाकटा भाऊ जळालेल्या मोटारी भरतो. आतली करपलेली तार उपसून काढायची आणि नवी तार वेढे मोजत बसवायची, हे त्याचं काम. लग्न केलं नाही, व्यसन नाही, बोलणं तर तोंडाला कुलूप लावल्यासारखं. असा माणूस एका पालीच्या नादी लागेल असं कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

एका गिऱ्हाइकाने पंप दुरुस्तीला टाकला आणि वीतभर लांबीची ठिपक्यांची परदेशी पालही ठेवून गेला. दोन दिवसांत नेतो म्हणाला. आज तीन वर्षं झाली, त्याने ना पंप नेला ना पाल. भाऊ तिला 'साहेब' म्हणतो, म्हणून आम्हीही 'तो' म्हणतो. मला पालीचा मनापासून तिटकारा आहे, आधीच सांगून ठेवते.

साहेबाचं रक्त थंड. बाहेर गारठा पडला की तोही गारठतो, खाणं सोडतो आणि दोन-तीन रात्रींत संपूही शकतो. म्हणून भावाने दुकानातच जुन्या लाकडी पेटीला काच लावली, आत बल्ब आणि तापमानाचा काटा बसवला. काटा बत्तीसवर पाहिजे. घरी नेणं शक्य नव्हतं, कारण घरमालकीण म्हणाली, "एक तर ती पाल राहील, नाहीतर तुम्ही."

यंदा ऐन थंडीत भावाचं हर्नियाचं ऑपरेशन निघालं. चार रात्री दवाखान्यात. साहेबाची जबाबदारी अर्थात दुकानातल्या जोडीदारावर, म्हणजे त्याच्या भागीदारावर. हे दोघे सोळाव्या वर्षी एकाच मिस्त्रीच्या हाताखाली शिकले, बावीस वर्षं एका दुकानात. आमचे वडील गेले तेव्हा माझ्याआधी हा पोचला होता. "तू बिनघोर जा," तो म्हणाला. "रोज दुकान बंद करताना काटा बघतो आणि तुला फोन करतो."

पहिल्या संध्याकाळी मी भावाच्या उशाशी होते. फोन आला, तो त्याने स्पीकरवर घेतला.

"बत्तीस," जोडीदार म्हणाला.

भावाने विचारलं, "नीट बघितलंस ना?"

"अरे, समोर उभा आहे. काटा अगदी बत्तीसवर. मजेत झोपलाय तुझा साहेब."

भावाने फोन ठेवला आणि त्याचा चेहराच उतरला. मला वाटलं टाके दुखताहेत. मग तो हळूच म्हणाला, "ताई, त्याने बघितलेलंच नाही." आदल्या संध्याकाळी, जोडीदार घरी गेल्यावर, जुना काटा अडकलेला दिसला म्हणून भावाने भंगारातल्या एका बॉयलरचा काटा काढून बसवला होता. त्याच्यावर फॅरनहाइटचे, ताप बघायच्या थर्मामीटरसारखे मोठे आकडे. साहेबाची बत्तीसची ऊब त्याच्यावर नव्वदला येते. दाखल व्हायच्या गडबडीत हे सांगायचं राहिलं. त्या काट्यावर खरोखर बत्तीस असते तर पेटीत पाण्याचा बर्फ झाला असता.

दुकानाची दुसरी किल्ली माझ्याकडे असते. मी तशीच रिक्षा करून गेले. पेटीत काळोख. बल्बची पिन खाली लोंबत होती आणि तिच्या जागी धूळ उडवायच्या ब्लोअरची पिन खोचलेली. काम झालं, ब्लोअर बंद केला, पिन बदलायचे कष्ट कोण घेणार? काटा चोपन्नवर होता. साहेब कोपऱ्यात दगडासारखा गार पडलेला. काय सांगू, मी डोळे मिटले, त्याला रुमालात उचललं आणि स्वेटरच्या आत पोटाशी धरलं. शहारे येत होते तरी धरलं. घरी पोचल्यावर बऱ्याच वेळाने त्याने एक पाय हलवला, तेव्हा माझ्या जिवात जीव आला.

मी भावाला फोनवर म्हणाले, "आत्ता जाते आणि त्याच्या दारात उभी राहून त्याची खरडपट्टी काढते." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

"नको ताई," भाऊ म्हणाला. "पेटी होती तशीच ठेव. त्याला उद्या स्वतःहून खरं सांगू दे."

दुसऱ्या दिवशी फोन आला, "बत्तीस." तिसऱ्या दिवशी, "बत्तीस. आज तर माझ्याकडे बघून मान हलवली त्याने." साहेब तेव्हा माझ्या घरी बल्बखाली पसरला होता. भाऊ दर वेळी विचारायचा, "सगळं ठीक ना?" आणि मी बघत होते, विचारताना दर वेळी त्याचा आवाज आशेने जरा वर जायचा. चौथ्या दिवशी बत्तीस ऐकल्यावर त्याने कूस बदलली आणि रडला. चाळिशीला टेकलेला माणूस, टाक्यांवर हात दाबून रडला.  माझ्यासारख्या तोंडाळ बाईने नुसता त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

घरी विश्रांती घेऊन तीन आठवड्यांनी तो कामावर गेला; तोवर रोज संध्याकाळी फोनवर 'बत्तीस' येतच होतं. मीच सोडायला गेले होते. जोडीदाराने हौसेने पेटी उघडली आणि चपापला. "अरे, हा गेला कुठे?"

"पहिल्या रात्रीपासून ताईकडे आहे," भाऊ म्हणाला.

जोडीदार माझ्याकडे बघेना. मग हसला. "पालच तर आहे रे. दिवसभर कामाचा रगाडा, राहून गेलं. तुला उगाच घोर नको म्हणून तसं सांगितलं."

भाऊ कामाला लागला. एका मोठ्या पंपाची मोटार जोडायची होती. त्यांची पद्धत अशी की जोडीदार मेन स्विचपाशी जातो, वीज तोडतो आणि "बंद" म्हणतो. मग भाऊ उघड्या तारांना हात घालतो. बावीस वर्षं, त्याच्या एका शब्दावर.

"बंद," जोडीदार म्हणाला. "घाल हात."

भावाने खिशातून टेस्टर काढला आणि पहिल्या तारेला लावला. दिवा लागला नाही. वीज खरंच बंद होती.

जोडीदाराचा हात स्विचवरच राहिला. "अरे, मी सांगितलं ना, बंद आहे म्हणून."

"हो, सांगितलंस," भाऊ म्हणाला आणि त्याने टेस्टर दुसऱ्या तारेला लावला.