ठिबकवाल्या नानांचा समुद्र

थेंब मोजताना नानांचा अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरायचा. लांबून पाहणाऱ्याला वाटे, जप चालला आहे. जवळ गेलं की दिसायचं ते असं: स्टुलावर छोटी बादली, बादलीत तळहाताएवढा दगड, आणि वरच्या काचेच्या टाकीतून उतरलेल्या बारीक नळीतून त्या बादलीत टपटप पडणारं खारं पाणी. मध्येच कुणी काही विचारलं तर नाना नुसता हात वर करत. मिनिट पुरं झालं की म्हणत, "घाई कुनाला हाय, बाई? त्याला आधी आपलं पानी कळू द्या."

घाई मला होती. मी जात्याच उतावळी. देवळाली प्रवऱ्याच्या शाळेत विज्ञान शिकवायला आले, नानांच्या समोरचीच खोली भाड्याने घेतली, आणि आठवडाभरात सामान लावून, दूधवाला ठरवून, सगळ्या आळीशी ओळख करून मोकळी झाले. नाना मात्र महिनाभर माझ्याकडे पाहून फक्त मान हलवत. मला वाटलं, माणूस शिष्ट दिसतोय. मग एका रविवारी स्वतःच दारात येऊन म्हणाले, "या, समुद्र बघायला." माझी परीक्षा संपली होती म्हणायची.

उभा जन्म त्यांनी लोकांच्या उसात ठिबकच्या नळ्या अंथरण्यात घातला. रानातली माती चिमटीत धरून तिला किती पाणी लागेल ते सांगत आणि ते सहसा चुकत नसे. दुकान मुलाच्या हाती देऊन घरी बसले आणि पुढच्या खोलीत चार फुटी टाकी मांडून तिच्यात समुद्र करू लागले. गावाने करायची तेवढी चेष्टा केली. जन्मभर गोड पाण्याचा हिशेब सांगणारा माणूस म्हातारपणी मीठ कालवत बसलाय, असं चहाच्या टपरीवर बोललं जायचं. नाना ते ऐकत आणि चहा पीत.

कारण त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, पण टाकीकडे पाठ करून उभं राहिलं की ते समोरच दिसे. भिंतीला लागून नानांच्या बायकोची, म्हणजे काकूंची खाट होती. फार वर्षांपूर्वी काकू गावातल्या बायकांबरोबर मालवणला गेल्या होत्या आणि काचेच्या बुडाच्या होडीतून त्यांनी पाण्याखालचे प्रवाळ पाहिले होते. परत आल्यावर महिनाभर घरात दुसरा विषय नव्हता. पुन्हा जाऊ म्हणत राहिल्या आणि एक दिवस न्हाणीत घसरून खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण पाय काही टेकेना. पुढे दोन महिन्यांनी टेम्पोतून टाकीची काच आली.

प्रवाळ दगडासारखे दिसतात खरे, पण दगडावर वाढणारे ते जिवंत प्राणी असतात. नाना मऊ जातीचे आणत. बटणाएवढी फुलं, हिरवी, जांभळी, दुपारी दिव्याखाली उमलणारी. पुण्यातल्या काही हौशी लोकांनी आपल्या टाकीत वाढवलेलेच घ्यायचे, समुद्रातून तोडलेलं दारात येऊ द्यायचं नाही, हा त्यांचा दंडक. थर्माकोलच्या खोक्यातून पिशवी आली की ती तशीच बंद टाकीत तरंगत ठेवायची, म्हणजे आतलं पाणी टाकीइतकं उबदार होतं. मग बादली आणि नळी. नळीच्या टोकाला ठिबकचीच तोटी बसवलेली. तास-दीड तास थेंब. मग औषधाच्या पाण्यात एक बुचकळी, आणि त्यानंतर टाकीत, तेही अगदी तळाला, सावलीत. आठवड्याने एक पायरी वर, पुढच्या आठवड्यात आणखी एक. मी विचारलं होतं, सरळ वरच का लावत नाही? तर म्हणाले, "नव्या सुनंला पयल्याच दिवशी चुलीपुढं बसवत्यात का?" आणि दोन जातींमध्ये वीतभर अंतर हवंच, कारण जवळ आले की ते एकमेकांना डसतात. बांधाला बांध लागला की भांडणं आलीच, हे तुम्हाला आमच्या तालुक्यात कुणीही सांगेल.

काकू दुपारी फुलं उमलल्याशिवाय जेवत नसत. ताट समोर यायचं, त्या टाकीकडे बघत राहायच्या, पहिली चार-पाच उघडली की भाकरी मोडायच्या. घरात त्याला कुणी नवल म्हणत नव्हतं. सून त्याच बेताने चूल पेटवायची.

तर आता माझा पराक्रम ऐका. नाना मोतीबिंदूच्या ऑपरेशनला नगरला गेले आणि लेकीकडे आठ दिवस राहिले. टाकी माझ्यावर सोपवली, कारण मी विज्ञानाची. काम सोपं होतं. टाकीतलं पाणी हवेत उडतं, मीठ मागे राहतं. म्हणून रोज काचेवरच्या रेघेपर्यंत बिनमिठाचं, फिल्टरचं पाणी घालायचं. चौथ्या दिवशी त्यांचा फिल्टर बिघडला. माझ्याकडे फिल्टरचं पाणी होतं, रात्रभर तांब्याच्या हंड्यात ठेवलेलं. हंडा आईने दिलेला, दर शनिवारी चिंच लावून लखलखीत घासलेला. याहून शुद्ध पाणी त्रिभुवनात नसेल अशा थाटात मी ते जगमध्ये भरून नेलं आणि टाकीत ओतलं.

दुसऱ्या दिवशी फुलं अर्धीच उघडली. तिसऱ्या दिवशी मिटलेलीच राहिली. नानांच्या आठवणीने असं होत असेल, असंही माझ्या विज्ञानाच्या डोक्यात येऊन गेलं. डोळ्याला ताण नको म्हणून त्यांना फोन केला नाही. उलट बरं वाटावं म्हणून रोज एक जग जास्त घातला. काकूंनी ताट बाजूला सारलं. सुनेने दोनदा भरवायचा प्रयत्न केला, पण त्या तिकडेच बघत राहिल्या.

नाना काळा चष्मा लावून परतले आणि थेट टाकीपुढे उभे राहिले. शेवाळ खायला सोडलेल्या गोगलगायी तळाला उलट्या पडल्या होत्या. काकूंचा डोळा लागला होता. नानांनी हळू आवाजात विचारलं, कुठलं पाणी घातलं. मी सांगितलं, आणि लाज वाटते, पण जरा अभिमानानेच सांगितलं.

"बाई, द्राक्षावर मोरचूद मारत्यात. त्यात काय असतं?"

मी दरवर्षी फळ्यावर लिहिते त्यात काय असतं. तांबं. पानावरची बुरशी मारतं ते. गोगलगायीला आणि प्रवाळाला त्याचा कणही विष. मी काही बोलणार तेवढ्यात काकू जाग्या झाल्या आणि नाना खाटेकडे वळून सहज म्हणाले, "लाईट लई वेळ गेल्ती म्हनं. टाकीची बॅटरी उतरली, मोटर बंद पडली." काकू म्हणाल्या, "व्हय का." विषय तिथेच मिटला. मला ते एक अक्षर बोलले नाहीत. बोलले असते तर मला घरी जाऊन नीट झोप तरी लागली असती.

पुढचे दोन महिने आम्ही पाणी बदलत होतो. थोडं काढायचं, थोडं नवं घालायचं, कोळशातून गाळायचं. एवढ्या टाकीतून एकाच दगडावर सात हिरवी फुलं वाचली. काकू तोवर अर्धी भाकरी खाऊन उरलेली सारून ठेवत. मग पुण्याहून नवी पिशवी आली आणि नानांनी नळी माझ्या हातात दिली. दीड तास मी त्या स्टुलाशी बसले. आयुष्यात इतका वेळ मी एका जागी, काही न बोलता, फक्त परीक्षेच्या पर्यवेक्षणाला बसले असेन. नाना शेजारी खुर्चीवर होते आणि त्यांनी एकदाही तोटीला हात लावला नाही. दहा दिवसांनी नवी फुलं पूर्ण उमलली, आणि काकूंनी भाकरी संपवून वर भात मागितला. त्या दिवशी मला नाना मनापासून आवडले.

दोन वर्षं झाली त्याला. यंदाच्या थंडीत एका सकाळी चहाची बशी हातात असताना नाना गेले. दवाखान्यात न्यायलाही वेळ मिळाला नाही. टाकीचं काम न सांगता माझ्याकडे आलं. मी रोज शाळा सुटल्यावर जाते, रविवारी दुपारीही.

अशाच एका रविवारी फुलं उमलायची वाट बघत आम्ही दोघी बसलो होतो आणि मला ते ओझं सहन होईना. मी काकूंना सगळं सांगून टाकलं. लाईट गेली नव्हती, बॅटरी उतरली नव्हती, माझ्या हंड्याच्या पाण्याने ते मेलं, नानांनी मला पाठीशी घातलं. त्या रागावतील, याची मी मनाची तयारी केली होती. काकू हसायला लागल्या. पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या की खाट हलली.

"पयल्या साली त्येंनी देवघरातल्या तांब्याच्या गडव्यातलं तीर्थ घातलं हुतं टाकीत, माझा पाय बरा व्हावा म्हनून. चार दिसांत सगळं मेलं. मला सांगितलं, लाईट गेल्ती."

म्हणजे नानांना तांब्याचं माहीत होतं, आणि स्वतःच्याच लाजेने त्यांनी मला ते आधी सांगितलं नव्हतं. मला एकदम राग आला, आणि रडूही आलं. मी विचारलं, तेव्हा तुम्ही त्यांना काही बोलला नाहीत?

"काय बोलायचं? दोन्ही बारीला माझ्या डोक्यावर पंखा फिरत हुता. बॅटरीवर तो चालत न्हाई. मी दोन्ही बारीला व्हय म्हनले."

समोर दिव्याखाली फुलं उमलत होती. काकूंनी ताट ओढून घेतलं. नाना गेले ते आपलं गुपित आपल्याजवळच आहे या समजुतीत गेले, आणि त्यांना तसंच राहू द्यायचं आम्ही दोघींनी ठरवलं.