चहाआधीची गोळी

आमच्या बेलापूरच्या सोसायटीत सकाळी कंपाउंडमध्ये फिरणाऱ्या बायकांना बघून नव्या माणसाला वाटायचं, काय यांना आरोग्याची हौस! हौस कसली, सगळ्या थायरॉइडवाल्या. गोळी उपाशीपोटी घ्यायची आणि पुढे अर्धा तास चहा नाही. घरात बसलं की चहाची तलफ सुटत नाही, म्हणून या खाली. माझी आई त्यांच्यातलीच. तिचा अर्धा तास संपेपर्यंत आमच्याकडे कुणीच चहा घ्यायचं नाही, असा रिवाजच पडला होता.

मी नववीत असताना बाबांच्या ऑफिसच्या फॅमिली चेकअपमध्ये माझंही रक्त तपासलं आणि थायरॉइडचा, म्हणजे टीएसएचचा, आकडा मर्यादेच्या रेषेच्या जरासा वर आला. जरासाच. पण रिपोर्टवर तो ठळक छापला होता आणि आईला तेवढं पुरलं. त्याच संध्याकाळी थायरॉइडला वाईट म्हणून माझा कोबी बंद, फ्लॉवर बंद आणि कबड्डी बंद. कोबीचं मला काही वाटलं नाही. पण शाळेच्या संघात चढाईला मी होते आणि सामने तोंडावर आले होते.

"दमशील," आई म्हणाली.

मी अजिबात दमत नव्हते. या कारभाराने मात्र वैतागले होते.

वाशीच्या डॉक्टरबाई मुलांच्या हॉर्मोन्सच्या तज्ज्ञ होत्या. त्यांनी माझी मान चाचपली, उंची मोजली, आणखी तपासण्या करून घेतल्या. मग आईला म्हणाल्या, "मूळ हॉर्मोन व्यवस्थित आहे. मानेला सूज नाही, अँटिबॉडीज नाहीत, उंची छान वाढतेय. इतका किरकोळ वाढलेला आकडा बऱ्याच मुलांत आपोआप खाली येतो, काहींचा तसाच राहतो. वर जातो तो थोड्यांचाच. आज गोळी नको, काही महिन्यांनी परत तपासू. आणि खेळू दे तिला."

"पण डॉक्टर, मला आहे ना थायरॉइड!" आई म्हणाली.

"म्हणून तर लक्ष ठेवायचं."

मला वाटलं, सुटले. कसली सुटतेय! कंपाउंडातल्या मंडळाने डॉक्टरांचा निकाल फिरवला. "आत्ताच सुरू कर गं, नंतर लग्नाच्या वेळी टेन्शन नको," असं म्हणून तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी आपला डोस बदलल्यावर उरलेली स्ट्रिप आईच्या हातात ठेवली. वाटीभर साखर द्यावी तशी. दुसऱ्या दिवशी माझ्या पाण्याच्या ग्लासाशेजारी गोळी हजर.

माझं डोकंच फिरलं. गोळी आणि स्ट्रिप उचलली, नाइटसूटवरच लिफ्टने खाली गेले आणि सगळ्यांदेखत काकूंपुढे हात केला.

"काकू, तुमची गोळी तुमच्याकडेच ठेवा. माझा आकडा आणखी वर गेला तर माझ्या डॉक्टर देतील ती घेईन. अजून गेलेला नाही."

"किती तोंड चालतं गं हिचं!" काकू शेजारी फिरणाऱ्या आईला म्हणाल्या. चालतं. त्या दिवशी तर चालायलाच हवं होतं.

घरी आल्यावर आई ओरडेल म्हणून मी तयारीत होते. ती ओरडली नाही. ओट्याला टेकून म्हणाली, "तुझ्याएवढी होते तेव्हा मी नुसती पडून असायचे. सगळे आळशी म्हणायचे. कुणी साधं रक्त तपासलं नाही. लग्नानंतर कळलं. तुझ्या बाबतीत मला उशीर करायचा नाहीये."

मला फार वाईट वाटलं. तिच्यासाठी रागही आला, त्या सगळ्यांचा. पण मी हटले नाही. "तुझ्याकडे कुणी बघितलं नाही, आई. माझ्याकडे बघतायत. तुझी गोळी मला दिलीस तर तुझी ती वर्षं परत येणार आहेत का?"

संध्याकाळी माझी कबड्डीची जर्सी धुऊन दोरीवर वाळत घातलेली दिसली.

सामन्यांत आम्ही हरलो. माझी पकड झाली, त्याला थायरॉइड जबाबदार नव्हता.

पुढच्या तपासणीत आकडा जवळजवळ तिथेच होता, रेषेच्या जरासा वर. डॉक्टरबाई म्हणाल्या, वाढत नाहीये, पुन्हा बघू. परतताना आई रिपोर्ट पुन्हा पुन्हा उघडून बघत होती. गोळीवरून पुन्हा जुंपणार, असं धरूनच मी झोपले.

सकाळी ग्लासाशेजारी, गोळी ठेवली होती त्याच जागी, वाफाळता चहा होता. आईने स्वतःची गोळी घेतली होती, पायात बूट चढवत होती.

"तू पी. तुला कशाला थांबायचंय?" म्हणाली आणि खाली गेली.

तो चहा मी गॅलरीत उभी राहून, खाली फिरणाऱ्या तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंना नीट दिसेल असा प्यायले.