वजा दसरू

दसरू मडावी नाक्यावर उभा होता आणि सरकारदरबारी त्याच नाक्यावर एक माणूस कमी होता. हे समजायला फार हुशारी लागत नाही. उलट जरा कमी असलेली बरी.

आलापल्लीच्या पुढे, सागवानाच्या जंगलात, लाकूड तोडणाऱ्या एका खात्याचा हा नाका. खात्याचं नाव मी घेत नाही, त्यातली मंडळी अजून भेटली की चहा पाजतात. दसरू तिथला एकटा राखणदार. घर कुरखेड्याकडं. तो नोकरीवर आल्यावर बुधरीला, म्हणजे त्याच्या बायकोला, मुलगी झाली. मुलगी रांगायला लागली, चालायला लागली, पण बापानं तिचं तोंड पाहिलं नव्हतं. राखणदार गेल्यावरही नाक्यावर निदान एक माणूस शिल्लक राहत असेल तरच रजा, असा नियम होता.

खात्यात प्रत्येक माणसाचं आणि प्रत्येक हेल्याचं जाड कागदाचं कार्ड असे. हेला म्हणजे रेडा, ओंडके तोच ओढायचा. कार्डावर भोकं पाडत आणि मशीन ती वाचे. नागपूरच्या मशीनची रीत अशी, की ‘एक’ या आकड्याच्या डोक्यावर जादा भोक असलं तर माणूस, नसलं तर हेला. छप्पन साली आमचा मुलूख मुंबई राज्यात गेला आणि हजेरीची कार्डंही मुंबईच्या मशीनकडे गेली. त्या मशीनला डोक्यावरचं भोक म्हणजे वजा, एवढंच शिकवलेलं. हेला अधिक एक, दसरू वजा एक.

मुंबईहून हुकूम आला: नाक्यावर एक माणूस कमी आहे, ताबडतोब एक पाठवा. मुखरू नावाचा राखणदार आला. दसरूनं आनंदानं पिशवी भरली. पुढच्या डाकेनं कळलं, आता दोन कमी आहेत. दोन पाठवले, तर चार कमी झाले. चार पाठवले, तर आठ. एका माणसाच्या झोपडीत आठ राखणदार पाळीपाळीनं पाय पसरू लागले आणि मुंबईला नाक्याची काळजी वाटू लागली.

दसरू आलापल्लीच्या कचेरीत गुणवंतराव कारकुनाकडे गेला.

“भाऊ, मले घरी जाऊ द्या न. आठ जण हावो आमी तिथी.”

“वजा आठ,” गुणवंतराव म्हणाले.

“मंग माझ्या कार्डाचं ते भोक बुजवा.”

“बुजवतो. पण थंडीचं घोंगडं याच कार्डावर अजून नागपूरच्या मशीनवरून निघते. भोक नसलं का ते तुले हेला म्हणन. थंडीत घोंगड्याच्या जागी सरकी येईन. अन् म्हातारा झाला का लिलाव. पाह्य बाबा, तुले काय व्हायचं हाये.”

दसरूनं खरंच विचार केला. मला त्याचा राग येतो तो इथं. लेकीसाठी हेला व्हायलाही तो माणूस तयार होता, फक्त लिलावात कोण घेऊन जाईल याचा भरवसा नव्हता. तो परत गेला.

गुणवंतरावांनी भोकाचा अर्थ समजावून मुंबईला कळवलं. उत्तर आलं, मशीन चुकत नाही.

मग एकदा रेशन ओढायला दोन हेले नाक्यावर गेले. त्यांची कार्डंही गेली. मुंबईहून चक्क शाबासकी आली: तूट आठावरून सहावर आणलीत, प्रयत्न चालू ठेवा. गुणवंतरावांनी प्रयत्न चालू ठेवले. ते हेले पाठवत गेले. दहा हेले झाले तेव्हा नाक्यावर, हिशेबानं, पहिल्यांदाच दोन माणसं निघाली; एक गेला तरी एक शिल्लक, म्हणून दसरूची रजा मंजूर झाली.

तो घरी पोचला तेव्हा मुलगी आईच्या लुगड्यामागं लपली. रजा संपत आली तरी ती त्याच्या हातून घास घेईना. आणि ज्या दिवशी घेतला, त्याच दिवशी डाकवाला खात्याचा कागद घेऊन आला. दसरूला वाटलं, संपलं सगळं. शाळामास्तरांनी कागद वाचून दाखवला: दसरू मडावी गेल्यापासून नाक्यावरची माणसं एकानं वाढली आहेत. सबब त्यांचं गैरहजर राहणं खात्याच्या फायद्याचं असून त्यांनी ते पुढील हुकमापर्यंत चालू ठेवावं.

मास्तर गेले. दसरू खाली मान घालून बसला. हवं ते मिळालं होतं, तरी त्याला फार लागलं.

“काऊन रडून राह्यला?” बुधरीनं विचारलं.

“मी नाई तर तिथी एक माणूस वाढते म्हणते.”

बुधरीनं पोरीला उचलून त्याच्या मांडीवर ठेवलं.

“इथी कमी होते,” ती म्हणाली. “इथीच राह्य.”