रापणीचा डोळा

गंगम्मपालेम या कोळीवाड्यात रापण, म्हणजे किनाऱ्यावरनं ओढायचं लांबलचक जाळं, टाकायची असली की चाळीस माणसं एका म्हाताऱ्याच्या तोंडाकडं बघत बसायची. म्हाताऱ्याचं नाव सूराडा दानय्या. तो वाळूच्या उंचवट्यावर उभा राहून पाणी न्याहाळायचा आणि मासळीचा थवा दिसला की खांद्यावरचा पंचा वर करायचा. पंचा झुकेल तिकडं होडी वळायची, जाळं पडायचं. म्हणून त्याला रापणीचा डोळा म्हणत. एरवी दानय्याचं कुणी ऐकत नसे. बायको तर नाहीच नाही.

डोळ्याच्या माणसानं रापणीच्या दिवशी पाय भिजवायचे नाहीत, हा पालेमाचा नेम. भिजले तर गंगम्मा देवी नजर काढून घेते म्हणत. दानय्याला हा नेम भलताच मानवला होता. पस्तीस वर्षांत त्यानं ना दोर ओढला, ना होडी ढकलली. कासुलम्मा, त्याची बायको, चारचौघांत म्हणायची, "आळशाची सोय देवीनं पण बघितली." मग चुट्ट्याचं, त्या जाड विडीचं, जळतं टोक तोंडात वळवून, पाटी डोईवर घेऊन मासळी विकायला निघायची.

पण कामाला म्हातारा पक्का. रोज पहाटे कोरड्या वाळूनं किनाऱ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचा. पांढऱ्या खेकड्यांनी बिळं किती वर केलीत ते बघायचा. लाट मागं सरली की ढुंगण आधी घालून वाळूत शिरणारे बोटाएवढे जीव उकरायचा, मुठीत वळवळतात किती ते अजमावायचा आणि परत सोडायचा. एवढं करून आज पाणी कसं आहे ते सांगायचा, नि ते तसंच निघायचं.

दोन वर्षांपूर्वी दक्षिणेला सुरूच्या बनापलीकडं औषधांचा कारखाना आला. त्यानं एक जाड नळ समुद्रात सोडला. नळातनं काय येतं ते कुणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर कुणी सांगितलं नसतं.

दसऱ्यानंतर एका सकाळी दानय्याला तांबूस डाग दिसला. त्याच्या कडेनं बोयी मासळ्या उड्या मारत होत्या, वर कुरव पक्षी घिरट्या घालत होते. रंग, उडी, पाखरू, तिन्ही खुणा जुळल्या. त्यानं पंचा वर केला. चाळीस जणांनी तीन तास दोर ओढला आणि जाळ्यातनं निघाली तपकिरी साय. वास असा, की कुत्रीसुद्धा चार पावलं मागं सरली. त्यात दोन पाट्या बोयी, पोट वर करून, डोळे पांढरे. त्या बिचाऱ्या आनंदानं उडत नव्हत्या, जीव घेऊन पळत होत्या. माणसांचे हात आठवडाभर खाजत राहिले.

दानय्याचा भाचा नूकराजू काळा चष्मा लावून फिरायचा. डोळ्याच्या जागेवर त्याचा कधीपासून डोळा होता. तो म्हणाला, "मामा, मासळी न्हाई तर न्हाई, पर रंग झ्याक हाय. देवळाला देऊया का?"

आठ दिवसांनी परत तसाच डाग आला. या खेपेला म्हाताऱ्यानं धसका घेतला. नळाच्या बाजूला खेकड्यांची बिळं बुजलेली त्यानं पहाटेच बघितली होती. पंचा खांद्यावरच राहिला. डाग सरकत शेजारच्या कोत्तपालेमापुढं गेला आणि त्या लोकांनी चार टेम्पो तारली मासळी काढली. वर शेजारधर्म म्हणून एक पाटी इकडं पाठवली. ती पाटी बघून गंगम्मपालेमाला जेवण गेलं नाही. तारली मात्र सगळी संपली.

रापणीचा मुख्य यर्रय्या. त्यानं देवीच्या कट्ट्यावर सगळ्यांसमोर दानय्याला सांगितलं, "आता एकच डाव. चुकलास तर पंचा नूकराजूच्या खांद्यावर."

दानय्या घरी आला तो तोंड पाडून. शिळ्या भाताचा घास फिरवत बायकोला म्हणाला, समुद्र आजवर कधी खोटं बोलला नाही, आता दोन गोष्टी एकाच रंगाचं लुगडं नेसून येतात, मी ओळखू कुणाला.

"मी मासळी घेताना लांबनं बघती व्हय?" कासुलम्मा म्हणाली. "हुंगती. लईच संशय आला तर जीभ लावती. तू बी जा की जवळ."

"पाय भिजतील."

"भिजू देत. तसा बी अंघोळीला कवा जातोस?"

पाचव्या दिवशी डाग आला, मागच्या दोन्हींपेक्षा मोठा. चाळीस माणसं दोर धरून उभी. दानय्या उंचवट्यावरनं खाली उतरला आणि सरळ पाण्यात शिरला. पहिल्याच लाटेनं त्याला बसवलं, त्यामुळं पाय भिजले की नाही हा वादच उरला नाही. बायका पदर तोंडाला लावून हसल्या. तो खोकत उठला आणि नूकराजूला तराफा वल्हवायला घेऊन निघाला.

डागाच्या उत्तर कडेला त्यानं ओंजळ भरली, हुंगली, मग तोंडात घेतली. नूकराजूची वल्ही थांबली.

"मामा, इख असलं तर?"

म्हाताऱ्यानं चूळ टाकली. "तर पंचा तुझाच. घाई काय हाय तुला?"

पाणी खारट, तेलकट लागलं. बोटांना काहीतरी गार घासून गेलं. मासळी. पण म्हातारा तेवढ्यावर थांबला नाही. तराफा दक्षिण कडेला नेऊन दुसरी चूळ घेतली आणि कडू जहर लागल्यासारखा थुंकला. ओठ जागच्या जागी बधिर झाला. अर्धा डाग मासळीचा, अर्धा नळाचा, एकमेकांना चिकटून. त्यानं पंचा उत्तरेकडं झुकवला आणि दुसऱ्या हातानं मधोमध रेघ ओढून दाखवली, याच्या पुढं जाळं न्यायचं नाही.

किनाऱ्यावर चडफड झाली. एवढं तांबडं पाणी सोडून द्यायचं म्हणजे काय. यर्रय्यानं शिव्या हासडत का होईना, रेघ पाळली. दुपारी जाळं वर आलं तेव्हा आत नुसती तारली होती, चकचकीत, तडफडणारी, आणि सायीचा थेंब नव्हता.

यर्रय्यानं डोळ्याचा वाटा सगळ्यांच्या आधी दानय्यापुढं ठेवला. मग नूकराजूकडं वळून म्हणाला, म्हातारा काही जन्माला पुरत नाही, उद्यापासून तू शीक. शिकवणी दक्षिण कडेच्या पाण्यापासून. नूकराजू मर्दासारखा दुसऱ्या दिवशी गेला, चूळ घेतली आणि घाबरून निम्मी गिळली. वाळूवर पडून दुपारपर्यंत ओकला. काळा चष्मा कुठं पडला त्याचंही भान नव्हतं. संध्याकाळी त्यानं सांगितलं की पंचा नको आणि डोळाही नको, गावातल्या टायरच्या दुकानात माणूस पाहिजे आहे.

दानय्या दारात बसून वांग्याएवढ्या सुजल्या ओठाला खोबरेल चोळत होता. भाच्याची बातमी ऐकून त्यानं बायकोकडं बघितलं.

"गिळायचं न्हाई, थुकायचं," तो बोबडं बोलला. "एवढं बी कळत न्हाई पोराला."