देवचंद हवालदार आणि शांततेचे राखणदार

चोपड्याचे देवचंद शिरसाठ पोलिसात हवालदार होते, पण त्यांची लाठी बहुतेक कोपऱ्यातच उभी असायची. केळीच्या पाण्यावरून दोन भाऊबंद हातघाईवर आले, की हे मधल्या बांधावर बसकण मारायचे. "आधी चहा पाजा, मग काय ते भांडा." चहा होईपर्यंत दोघांचाही पारा उतरलेला असे. ठाण्यातले सोबती त्यांना 'चहा हवालदार' म्हणायचे. ते हसण्यावारी न्यायचे, पण आत कुठेतरी खुपायचं. आपण खरे पोलीस झालोच नाही की काय, असं त्यांना निवृत्तीनंतरही वाटत राही.

त्यांची थोरली मृणाली आयर्लंडमध्ये नर्स आहे. परवा दुपारी तिचा व्हिडिओ कॉल आला. तिकडे सकाळ होती, ती कामावर निघाली होती. तिच्यामागे एक गाडी उभी होती.

"बाबा, ही इथल्या पोलिसांची गाडी. त्यांना 'गार्डा शीखाना' म्हणतात."

"सिखाना? म्हणजे धडा शिकवणारे?"

मृणाली खो खो हसली. "नाही हो! आयरिश भाषेत शीखान म्हणजे शांतता, गार्डा म्हणजे राखणदार. शांततेचे राखणदार! शंभरेक वर्षांपूर्वी देश स्वतंत्र झाला, तेव्हा नवं पोलीसदल उभं करून त्याला हे नाव दिलं. बहुतेकांकडे बंदूकसुद्धा नसते."

देवचंदांनी लगेच बायकोला अहिराणीत हाक मारली, "द्रौपदा, ऐकं का? बठ्ठा देशना पोलिसनं नाव शे हाई!" अख्ख्या देशाच्या पोलिसांचं हे नाव, याचंच त्यांना अप्रूप वाटत होतं.

तेवढ्यात त्या गाडीवरची एक उंच पोलीसबाई दुकानातून बाहेर आली. मृणालीने तिला बाबा चहावर भांडणं कशी मिटवायचे ते सगळं इंग्रजीत सांगितलं आणि फोन तिच्यासमोर धरला. देवचंद बनियनवरच होते. तरी ताडकन उभे राहिले आणि कडक सलाम ठोकला. तिकडून तसाच सलाम आला.

"बाबा, ती म्हणते, आम्हीही असंच मिटवतो. आणि चहा तर आम्हालाही लागतोच!"

द्रौपदाबाई पदर तोंडाला लावून हसत होत्या. देवचंदांचे डोळे मात्र भरून आले होते.

संध्याकाळपर्यंत त्यांनी गल्लीतल्या प्रत्येकाला त्या नावाचा अर्थ सांगितला. शेजारच्या भिकुबाईंना तर दोनदा. "समजलं हो, भाऊ," त्या म्हणाल्या, "पण मृणाली घरी कधी येतेय, ते सांगा की!"

ते विचारायचं राहूनच गेलं होतं. देवचंद हसत हसत पुन्हा फोन लावायला आत पळाले.