वाटी परत आली

समोरच्या फ्लॅटमधल्या मावशी यजमानांसोबत मुळशीकडचं गाव सोडून मुलाकडे कर्वेनगरला राहायला आल्या, तेव्हा इथे दार लावून बसतात हे त्यांना कुणी सांगितलं नसावं. उघड्या दारात बसून त्या भाजी निवडायच्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला "जेवलात का?" विचारायच्या. कुरिअरवाल्यालासुद्धा.

मी कधी वाटीभर आमटी दिली, तर वाटी रिकामी परत येत नसे. कधी शेंगदाण्याची चटणी, कधी चार मिरच्या, काहीच नसलं तर चिमूटभर साखर. "अहो, कशाला?" म्हटलं की उत्तर ठरलेलं, "रिकामं भांडं द्यायचं नसतं, ताई."

बाल्कनीच्या ग्रिलवर त्यांनी घेवड्याचा वेल चढवला होता. माझ्या वाळक्या तुळशीकडे बघून एकदा म्हणाल्या, "तुमच्या हातनं काय बी जगायचं न्हाई." मला राग आला. खरं होतं म्हणून जास्तच.

या थंडीत त्या झोपेतच गेल्या. माझी एक वाटी त्यांच्याकडे राहिली होती, पण अशा वेळी वाटी कोण मागतं?

तेरावं झाल्यावर त्यांचे यजमान माझ्या दारात आले. एवढ्या दिवसांत मान हलवण्यापलीकडे ते माझ्याशी कधी बोलले नव्हते. हातात माझी घासलेली वाटी होती आणि वाटीत राख चोळलेले घेवड्याचे दाणे.

"बियाणं हाय, शिजवू नका," ते म्हणाले. "पेरणारी गेली. आता तुम्ही लावा."

माझ्या हातून काय जगतं, हे मावशींनी त्यांना सांगितलं नव्हतं. मी वाटी घेतली.